मधला

१

माझा धंदा कानांचा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या कानात मशीन बसवायचं, लॅपटॉपला जोडून ते त्या कानाला साजेल असं जुळवायचं, आणि मग वर्षभर घरच्यांच्या तक्रारी ऐकायच्या. आजोबा मशीन घालतच नाहीत. आजींनी मशीन साबण लावून धुतलं. मशीन शिट्टी मारतंय. पंचवीस वर्षं झाली. लोक मला ‘कानवाले’ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण बहिऱ्या माणसांची कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू जाते.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मध्ये स्वयंपाकघर, मागे आईची खोली. मी, आई आणि भिंतीवर कानाचं एक भलंमोठं रंगीत चित्र, एवढाच आमचा संसार. लग्नाचं म्हणाल तर ते राहून गेलं, आणि आता त्याबद्दल कुणी विचारलं की मलाच कमी ऐकू येतं.

आई माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ऐंशीला टेकलीय. तिचे कान इतके गेलेत की बाजारातली नवी मशीनं तिला लागूच पडत नाहीत. दोन घालून बघितली. एकाने तिचं डोकं दुखायला लागलं, दुसरं तिने साखरेच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. तिला चालतात ती एकाच कंपनीची, एकाच बनावटीची, आणि ती कंपनी बंद पडून सात वर्षं झाली. मशीनं अजून ठणठणीत आहेत. ती जुळवायचा प्रोग्राम मात्र त्या काळचा, त्या काळच्या लॅपटॉपसाठी केलेला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो मुकाट चालायचा. या महिन्याच्या सुरुवातीला तो लॅपटॉप गेला. काळा पडदा, आतून थोडी घरघर, आणि संपलं.

भाचीने लगेच नवा पाठवला. “मामा, किती दिवस तो खटारा ओढणार?” भाची म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची, ताईची मुलगी. ती नुकतीच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, आणि त्या दिवसापासून आईने पणतीचा ध्यास घेतला होता. “फोटोत काय बघायचं? फोटो रडतो का? मला तिचं रडणं ऐकायचंय रे भुंग्या. एकदा ऐकलं की खुशाल डोळे मिटीन.” भुंग्या म्हणजे मी. लहानपणी सारखा गुणगुणायचो म्हणून. दोन आठवड्यांनी शनिवारी ताई गाडी घेऊन येणार होती आणि आईला सहा महिने आपल्याकडे नेणार होती. आईची पिशवी तेव्हापासूनच भरून दाराशी ठेवलेली होती.

२

नवा लॅपटॉप दिसायला देखणा, पण त्याची जातच वेगळी. माझा प्रोग्राम त्याच्यावर उघडेच ना.

कोपऱ्यावर संगणक दुरुस्त करणारा एक जण आहे, माझ्याच वयाचा. त्याच्या सासूच्या कानात मी बसवलेलं मशीन आहे आणि त्याबद्दल त्याने मला अजून माफ केलेलं नाही. लॅपटॉप उलटसुलट करून तो म्हणाला, “अहो कानवाले, तुमचा प्रोग्राम याच्यावर सरळ चालायचा नाही. मध्ये एक बसवावा लागेल.”

“एक म्हणजे?”

“दुसरा प्रोग्राम. मधला. तो तुमच्या प्रोग्रामला भासवतो की बाबा, तू जुन्याच मशीनवर आहेस. जुन्यासारखी ड्राइव्ह, जुन्यासारखे फोल्डर, सगळं खोटं खोटं मांडून ठेवतो. तुमच्या प्रोग्रामने काही मागितलं की हा ते नव्याला सांगतो आणि उत्तर आणून देतो. त्या बिचाऱ्याला कळतच नाही आपण कुठे आहोत ते.”

“आणि कळलं तर?”

“कळायला त्याला डोकं आहे का?” तो हसला. मग म्हणाला, “नाहीतर तुमच्यासारखाच एखादा जुना लॅपटॉप बघू का कुठे? आठवड्याभरात मिळेल.”

“राहू दे,” मी म्हटलं. हे उत्तर फार पटकन आलं, एवढं मात्र मला तेव्हाही जाणवलं.

मधला बसला. प्रोग्राम उघडला. त्याच करड्या खिडक्या, तीच जुनाट अक्षरं, आईच्या कानाचा तोच आलेख. यूएसबीची छोटी डबी लावली, तिने आईची दोन्ही मशीनं हवेतूनच ओळखली. मला इतका आनंद झाला की पुढची गोष्ट हातानेच करून टाकली, डोकं न वापरता. आमच्या धंद्यात मशीन जुळवताना आधी पुसायचं, मग लिहायचं. मशीनमधली जुनी जुळणी पुसायची आणि नवी भरायची. हजारो वेळा केलंय. मी ‘पुसा’ दाबलं, पुसलं. ‘लिहा’ दाबलं.

‘मशीनमध्ये साठवता आले नाही.’

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आईची दोन्ही मशीनं आता कोरी होती, आणि कोरं मशीन म्हणजे कानातला बोळा.

एकच गोष्ट चालत होती. प्रोग्राम उघडा ठेवला आणि डबी लावून ठेवली की लॅपटॉप तिकडून जुळणी सतत पुरवत राहायचा, आणि तेवढा वेळ आईला ऐकू यायचं. डबीची पोच मी चालून मोजली. टेबलापासून दहा पावलं. आईचा पलंग नवव्या पावलावर. बाहेरचा दरवाजा दुसऱ्या बाजूला, बाराव्या.

“येतंय ऐकू,” आई पलंगावरून म्हणाली. “छान येतंय. मग काय, शनिवारी ताईबरोबर जायला मोकळी ना मी?”

“बघू,” मी म्हटलं. 

आता खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं होतं. सहा महिने त्या तीन खोल्यांत मी आणि ते कानाचं चित्र, या विचाराची मी केव्हापासून धास्ती घेतली होती. मी आईला कधी ‘जाऊ नकोस’ म्हणालो नाही, म्हणणारही नव्हतो, पण दुकानाचा लॅपटॉप तिच्याबरोबर सहा महिने जाणार नव्हता, म्हणजे यंत्रानेच परस्पर नकार दिला आणि मला बरं वाटलं.

३

दुपारी दोन ते पाच मी बाहेर असतो. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जाऊन मशीनं बघतो. जाताना लॅपटॉप टेबलावरच ठेवायचो, पण प्रोग्राम बंद करून जायचो, कारण तो चालू राहिला की मशीनच्या बॅटऱ्या भराभर संपतात. खिडकीच्या कोपऱ्यातलं लाल बटण दाबायचो, आईला खूण करायचो, ती मान डोलवायची. तीन तास तिला काही ऐकू यायचं नाही. ती पडून राहायची.

चौथ्या दिवशी मी सहज नोंद उघडली. ही मशीनं दिवसभरात कानावर काय पडलं याचा हिशेब ठेवतात. बोलणं किती वेळ, गोंगाट किती वेळ, शांतता किती वेळ. शब्द नाही साठवत, फक्त तास. गिऱ्हाईक खोटं बोलतंय का ते आम्हाला यावरूनच कळतं.

आईच्या नोंदीत दुपारी दोन ते पाच या वेळेत लिहिलं होतं: बोलणे, दोन तास पन्नास मिनिटे.

चारही दिवस तसंच.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो जेवत होता.

“लाल बटण दाबलंत? अहो, इथे लाल बटणाने खिडकी मिटते, प्रोग्राम मिटत नाही. तो मागे चालूच राहतो. खाली त्याच्या चित्राखाली ठिपका आहे का बघा.”

ठिपका होता. मी कपाळावर हात मारला. म्हणजे रोज दुपारी प्रोग्राम चालूच होता आणि आईला ऐकूही येत होतं. चला, एक कोडं सुटलं.

पण बोलत कोण होतं? घरात टीव्ही नाही. शेजारी दोघंही कामावर जातात. दाराला मी बाहेरून कुलूप लावतो, कारण आईला बेल ऐकू येत नाही आणि उघडं दार मला चालत नाही.

यालाही उत्तर सापडलं. माझी एक पद्धत आहे. मशीन जुळवताना घरातल्या जवळच्या माणसाला वर्तमानपत्र वाचायला लावायचं आणि तो आवाज प्रोग्राममध्ये भरून ठेवायचा. म्हातारी माणसं जगाचं ऐकत नाहीत, घरच्यांचं ऐकतात, तेव्हा मशीन घरच्या आवाजावर जुळवलेलं बरं. आईसाठी मी स्वतः वाचलं होतं. सहा वर्षांपूर्वी, वीस मिनिटं. हवामान, पाणीकपात, एका हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात. मधल्याचं काहीतरी बिनसलं असणार आणि खिडकी मिटली की तेच पुन्हा पुन्हा वाजत असणार. आई बिचारी रोज दुपारी तीन तास हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात ऐकत पडलेली.

मला हसू आलं. मी आत गेलो आणि तिला विचारलं, “काय गं, दुपारी कंटाळलीस का ते ऐकून?”

“छे रे, कंटाळते कसली,” आई म्हणाली. “हल्ली दुपारी तू किती छान बोलतोस.”

४

मला राग आला. कबूल करतो. आई बहिरी आहे आणि मी दिवसभर बहिऱ्यांशी ओरडून दमलेला असतो, त्यामुळे घरी आल्यावर माझं बोलणं म्हणजे ‘जेवलीस?’, ‘गोळी घेतलीस?’ आणि ‘काही नाही, तू झोप’. छान बोलणारा मी हा माझ्या माहितीतला माणूस नव्हता.

“आई, दुपारी मी घरात नसतो.”

“हो हो,” ती म्हणाली. लहान मुलाच्या थापेला म्हणतात तसं.

“काय बोलतो मी?”

“असंच. इकडचं तिकडचं. बाबांची आठवण काढतोस. परवा म्हणालास, शाळेत असताना मधल्या सुट्टीत रोज भिंतीवरून उडी मारून घरी यायचास, मी स्वयंपाकघरात आहे का ते खिडकीतून बघायचास आणि परत जायचास. मला कधी कळलंच नव्हतं रे. वेडा कुठला!”

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच धरून उभा राहिलो. खरं होतं ते. आठ वर्षांचा होतो. जगात कुणाला सांगितलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात तर नक्कीच आलेलं नव्हतं.

मग मी स्वतःची समजूत घातली. सांगितलं असेन कधीतरी. तापात. किंवा तिने त्या वेळी बघितलं असेल, आणि आता म्हातारपणी बघितलेलं आणि ऐकलेलं यांची सरमिसळ होते. मी अशी माणसं रोज बघतो. ज्यांच्या कानात फार काळ शांतता राहते त्यांच्या कानात काहीबाही वाजायला लागतं. पुस्तकात आहे ते.

“आणि शनिवारचं राहू दे,” आई म्हणाली. ती पांघरुणाच्या घड्या करत होती. “ताईला कळव. मी नाही येत.”

“का? पणती?”

“तूच तर काकुळतीला आलास ना, की आई जाऊ नकोस म्हणून.” तिने माझ्या गालाला हात लावला. “एवढा मोठा घोडा झालास, रडतोस काय! नाही जात मी.”

५

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम नीट बंद केला. ठिपका गेलेला बघितला. लॅपटॉप बंद केला. डबी काढली. दोन्ही पिशवीत घातलं, पिशवी खांद्याला लावली, दाराला कुलूप घातलं आणि निघालो. पहिल्या घरी पोचलोसुद्धा. तिथल्या आजोबांच्या डाव्या कानाची नळी मी उजव्या कानात घालू लागलो, तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, बरं नाही का?

मी परत फिरलो. पावणेतीन वाजले होते. रस्त्यावर लख्ख ऊन. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्ट्या देत होता. मी कुलूप अजिबात आवाज न करता काढलं. बहिऱ्या बाईच्या घरात मी आवाज न करता का शिरत होतो?

आई बोलत होती.

मी स्वयंपाकघरात, तिच्या खोलीच्या दाराबाजूच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. लॅपटॉप माझ्या पिशवीत, थंड. तिच्या कानात दोन कोरी मशीनं. आणि ती फोनवर बोलावं तशी बोलत होती. फोनवर बोलणाऱ्याचं आपल्याला अर्धंच ऐकू येतं, तसं.

“हो ना... (बराच वेळ काही नाही)... मग तू का नाही गेलास तिच्याकडे?... अरेरे... नाही, मला राग नाही आला... बोल की.”

मधली शांतता रिकामी नव्हती. हे मला नीट सांगता येत नाही. पंचवीस वर्षं मी माणसांना ऐकताना बघतोय. जो खरंच ऐकतो त्याचा श्वास समोरच्या वाक्याबरोबर थांबतो आणि सुटतो. भ्रम असलेली माणसं तशी ऐकत नाहीत, ती घाईघाईने उत्तरं देत सुटतात. आई ऐकत होती. तिचा श्वास वाक्यागणिक थांबत होता आणि सुटत होता, आणि त्या श्वासावरून मला समोरच्याचं वाक्य कुठे संपलं ते कळत होतं. लांब वाक्यं होती. मी रंगात आलो की बोलतो तशी. मी रंगात येऊन बरीच वर्षं झाली.

मी दारात जाऊन उभा राहिलो. आईने माझ्याकडे बघितलं. दचकली नाही. एखाद्याच्या बोलण्यात आपण शिरलो की तो जसा आपल्याकडे बघून ‘जरा थांब’ अशी बोटाने खूण करतो, तशी तिने केली.

मी थांबलो. काय करणार? दहा-बारा मिनिटं मी माझ्याच घरात, माझ्याच आईच्या दारात, माझं बोलणं संपायची वाट बघत उभा होतो.

६

दुरुस्तीवाल्याकडे मी जवळजवळ पळत गेलो. “तो जुना लॅपटॉप बघा. काहीही करा. शनिवारच्या आत पाहिजे.”

“राहू दे म्हणाला होतात ना?”

“चूक झाली. आणि हा मधला काढून टाका आत्ताच्या आत्ता.”

त्याने माझ्यासमोर काढला. प्रोग्राम, खोटी ड्राइव्ह, खोटे फोल्डर, माझं वाचन, सगळं. मी कचऱ्याची टोपलीसुद्धा दोनदा रिकामी करायला लावली. तो म्हणाला, “एवढं काय मनावर घेता? साधी फाइल आहे.” त्याला माझी कीव येत होती हे चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

ते दोन दिवस आई ठार बहिरी होती. म्हणजे माझ्यापुरती. मी पाटीवर लिहायचो, ती वाचायची, मान हलवायची आणि पाटी उलटी करून बाजूला ठेवायची. तिचं ते बोलणं सकाळीच सुरू व्हायचं आता, नुसतं दुपारी नाही. तिला मी दोनदा म्हटलं, म्हणजे लिहिलं, की मशीनं काढून ठेव, कान दुखतील. काढली तिने. बशीत ठेवली. आणि बोलत राहिली.

मी तिला घेऊन बाहेर पडायचा प्रयत्नही केला. खाली बागेत बाकं आहेत. तिचा हात धरला, चपला समोर ठेवल्या. ती स्वयंपाकघरापर्यंत आली, टेबलापर्यंत आली, टेबल ओलांडून दाराकडे निघाली आणि दार दोन पावलांवर असताना थांबली. डबी पिशवीत होती, लॅपटॉप बंद होता, तरी ती टेबलापासून बरोबर दहा पावलांवर थांबली, जिथे आवाज तुटायचा. “पुढे काही नाही रे,” ती म्हणाली आणि वळून पलंगाकडे गेली.

शनिवारी सकाळी नऊ वाजता जुना लॅपटॉप मिळाला. जाड, काळा, झाकणावर कुणाच्या तरी पोराने चिकटवलेली चित्रं. मी त्याला छातीशी धरून घरी आणला. कंपनीने दिलेली मूळ तबकडी माझ्याकडे होती, तिच्यावरून प्रोग्राम नव्याने भरला. कुणीही मध्ये नाही. आईचा आलेख कागदावर छापलेला होता, एकेक आकडा हाताने टाकला. आवाज भरला नाही. ‘लिहा’ दाबलं.

‘मशीनमध्ये साठवले.’

मी खुर्चीतच रडलो. साठवलं म्हणजे आता लॅपटॉप नको, डबी नको, पावलं मोजायला नकोत. आई जाऊ शकत होती. ती सहा महिन्यांसाठी जाणार होती, आणि मला त्याची धास्ती उरली नव्हती. जा बाई, मी म्हणत होतो, जा, सुखाने जा, वर्षभर राहा.

दोन्ही मशीनं मी तपासणीची नळी लावून स्वतःच्या कानाने ऐकली. एक, दोन, तीन. लखलखीत. बारीकसुद्धा खरखर नाही.

मग ती आईच्या कानात बसवली, तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि अगदी साध्या आवाजात म्हटलं, “आई, आता येतंय ना ऐकू?”

ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. चेहऱ्यावर बारीक हसू, मान किंचित कललेली. 

“आई.”

तिचा श्वास थांबला, सुटला. थांबला, सुटला. माझ्या शब्दांवर नाही.

७

ताई साडेदहाला आली. खाली गाडी उभी करून, जिना चढून, धापा टाकत. “कुठेयत बाईसाहेब? पिशवी तर भरलेली दिसतेय!” ती आत गेली, आईला मिठी मारली, आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. 

“आई, चल. उशीर होतोय.”

आई पांघरुणाची घडी सारखी करत राहिली.

“मशीन चालू आहे ना रे हिचं?” ताई मला म्हणाली. “अरे, तुझ्याच घरात ही दशा? लोकांचे कान कसले दुरुस्त करतोस?”

“मशीन चालू आहे,” मी म्हटलं.

“मग ऐकत का नाहीये?”

मी म्हटलं, “ती ऐकतेय.”

ताईने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि पर्समधून फोन काढला. ताई अशीच आहे, तिला अडलेलं काही चालत नाही. तिने भाचीला फोन लावला, चित्र दिसतं तसला. भाचीने बाळ समोर धरलं. लालबुंद तोंड, मुठी आवळलेल्या, आणि बाळ नेमकं रडत होतं, अगदी टिपेला पोचलेलं. ताईने फोनचा आवाज पूर्ण वाढवला. खोली त्या रडण्याने भरून गेली. भिंतीवरच्या कपाटाची काच हलली.

“ऐक आई! तुला ऐकायचं होतं ना? ऐक तुझ्या पणतीचं!”

आईने फोनकडे बघितलं. त्या चेहऱ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काही हललं असेल तर मला दिसलं नाही. एखादी फांदी बाजूला सारावी तसा तिने हळूच फोन बाजूला केला.

तेव्हा मी ते केलं. सकाळी मी नुसतं मशीन तपासलं होतं, ती ऐकत असताना तिच्या कानातलं कधी ऐकलं नव्हतं. अजून मला कळत नाही मी ते आधी का केलं नव्हतं. भीती वाटत होती, दुसरं काय. मी पुढे झालो, आईच्या डाव्या कानातलं मशीन काढलं आणि माझ्या कानात घातलं.

पहिल्यांदा नेहमीचंच सगळं आलं, फार मोठं होऊन. पंख्याची कुरकुर. ताईच्या बांगड्या. माझ्याच शर्टाची सळसळ. आणि बाळाचं रडणं, इतकं की कानात सुई टोचावी. मशीन चालत होतं. सगळं आत येत होतं. म्हणजे आईलाही हे येत होतं, सकाळपासून, सगळं. मी मारलेल्या हाकासुद्धा.

आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, कुणीतरी पलंगाच्या कडेवर बसून बोलावं इतक्या जवळून, माझा आवाज होता. सहा वर्षांपूर्वीचा नाही. आजचा, थोडा बसलेला, सकाळी रडल्यावर झाला होता तसा. तो आईला काहीतरी समजावत होता, सावकाश, न चिडता, मधे मधे हसत. कुठलीही घाई नव्हती त्याला. मला त्याचं ऐकत राहावंसं वाटलं. खरंच सांगतो, क्षणभर मला तेच वाटलं.

मग तो वाक्याच्या मधेच थांबला. आपण बोलत असताना खोलीत दुसरं कुणी आलं की थांबतो तसा.

“आई,” कानातला माझा आवाज हळू झाला. “कोण रडतंय गं?”

फोनवर बाळ श्वास घ्यायला थांबलं होतं. ताई माझा दंड धरून काहीतरी विचारत होती. मी गुडघ्यावर, आईच्या समोर, हातभर अंतरावर. आईने बाळाकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. ओळखलं तिने मला. शपथेवर सांगतो, तिने मला ओळखलं.

“कोणी नाही रे,” ती म्हणाली. “तू बोल.”